आठ दिवस पाहू

३ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार मागाहून सावकाश घालते, आधी बातमी ऐक. मला नोकरी लागली. कुठे ते ओळख, असं लिहिणार होते, पण मलाच दम निघत नाही. तुझ्या रुग्णालयात. नेटवर्कची तंत्रज्ञ म्हणून. सहा महिने प्रोबेशन, मग पसंत पडले तर कायम.

आणि मी बसते कुठे माहितेय? तुझ्याच खोलीत. जिन्याखालची, दार उघडलं की खुर्चीवर आपटतं ती. खुर्चीही तीच असावी, कारण एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे आणि असा पुठ्ठा फक्त तूच दुमडतोस. भिंतीवरच्या लोखंडी कपाटात तुझा मुख्य स्विच अजून चालू आहे. सगळ्या इमारतीच्या वायरी त्या एका चपट्या डब्यात येऊन मिळतात हे मी पुस्तकात हजारदा वाचलंय, पण पहिल्या दिवशी त्याचे अठ्ठेचाळीस दिवे लुकलुकताना पाहिले तेव्हा मी हसत सुटले. जेवायची सुट्टी संपली तरी मी तिथेच.

कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलेत. तुझं अक्षर. सगळ्यात वर ठळक: ‘आधी लिही, मग हात लाव.’ लहानपणी तू मला सायकलची चेन बसवायला शिकवलंस तेव्हाही हेच म्हणाला होतास, आणि मी वहीत ‘चेन बसवली’ लिहून मग चेन तोडली होती.

आता अडचण. इथे कुणालाही मी सांगितलेलं नाही की मी तुझी भाची. कारण पहिल्याच दिवशी जी गोष्ट कानावर आली ती अशी: जुना तंत्रज्ञ भांडून गेला आणि जाता जाता स्विचला पासवर्डचं कुलूप घालून गेला. अकरा वर्षं कुणी आत शिरू शकलेलं नाही. मी जीभ चावून गप्प बसले. तू असं करशील हे माझ्या गळी उतरत नाही.

पण कुलूप आहे हे खरं. २५ मार्चला मुलांचा नवा वॉर्ड उघडायचाय. तिथल्या बारा खाटांच्या घंटा, म्हणजे पेशंटने बटण दाबलं की नर्सच्या टेबलावर वाजणाऱ्या, याच स्विचला जोडायच्यात. नवा स्विच यायला चार महिने आहेत. प्रशासक बाई मला म्हणाल्या, “मार्चच्या मध्यापर्यंत उघडून दाखव. नाहीतर बाहेरच्या कंपनीला बोलवावं लागेल, आणि त्यांनाच बोलवायचं तर तुला कशाला ठेवायचं?” अगदी गोड आवाजात म्हणाल्या, हे त्यातलं वाईट.

तर मामा, पासवर्ड काय होता? मामीला फोन करून विचारलं असतं, पण पासवर्ड फोनवर सांगायचा नसतो हे तूच मला दहाव्या वर्षी शिकवलंस. शिवाय तुला फोनवर आता नुसतं गुंगुं ऐकू येतं, आणि तुझ्याशी भांडायला मजा येते ती पत्रातच.

तुझी,
ठकू

ता. क. आईला अजून नोकरीची जागा सांगितलेली नाही. तू सांगू नकोस.


८ फेब्रुवारी

चि. ठकूस,

आशीर्वाद तुला आहेतच, पोतंभर. तुझं पत्र तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना उभा होतो, तिसऱ्यांदा गॅलरीत येरझाऱ्या घालत होतो. माझ्या खुर्चीत माझी भाची. तो पुठ्ठा काढू नकोस, फरशी तिथे खचलेली आहे.

पासवर्डचं म्हणशील, तर अकरा वर्षं झाली बाई. काही केल्या आठवत नाही. लोक काय बोलतात तिकडे लक्ष देऊ नकोस. रुग्णालयात लोकांना वेळ फार असतो.

पण पासवर्डवाचून अडतंय कुठे? रीसेट करायचा. तुला सगळं सांगतो, नीट लिहून घे. स्विचच्या तोंडावर डावीकडे एक बारकं बटण आहे. वीज काढ. ते बटण अंगठ्याने दाबून धर आणि धरलेलं असतानाच वीज दे. घाई करायची नाही. शेजारचा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच बोट काढ. अशाने स्विच उठतो, पण आपली सेटिंगची फाईल वाचत नाही, त्यामुळे पासवर्डही विचारत नाही. निमूट आत घेतो. मग तू त्याला जुनी फाईल वाचायला लाव, नवा पासवर्ड दे, सेव्ह कर. झालं. सेटिंग कुठे जात नाहीत, आत जपलेली असतात. चार-सहा मिनिटांचं काम. रविवारी दुपारी कर, तेव्हा बाह्यरुग्ण विभाग बंद असतो, एक्स-रे बंद असतो, सगळं शांत.

आधी एखाद्या मोडीतल्या स्विचवर हात बसवून घे. भांडारात माझ्या वेळचे दोन पडलेले असतील, वरच्या फळीवर, छत्र्यांच्या मागे. तिथे हरवलेल्या छत्र्या ठेवतात.

ठकू, तुला खरं सांगू? नोकरी सोडल्यापासून आज पहिल्यांदा मला सकाळी उठावंसं वाटलं. मामी म्हणते, माझा चेहरा परीक्षेला निघालेल्या पोरासारखा झालाय. होऊ दे. तू त्या स्विचला हात लावणार म्हणजे मीच लावणार.

तुझा,
मामा

ता. क. (मामीकडून) ठकू, ह्यांनी सकाळपासून माळ्यावरची पेटी उतरवून निळी वायर काढली आहे आणि जेवणाच्या टेबलावर मला रीसेट शिकवत आहेत. मिठाच्या बरणीचा स्विच केला आहे. एक सांगते, ह्यांना कुठला पासवर्ड आठवत नाही हे मला जरा नवीनच आहे. परवा ह्यांना आमच्या पहिल्या भाड्याच्या घराच्या वीज मीटरचा नंबर आठवत होता.


२७ फेब्रुवारी

ती. मामा,

मिठाच्या बरणीला माझा नमस्कार. मोडीतला स्विच मिळाला. छत्र्यांच्या मागेच होता, बोटभर धूळ. पहिल्यांदा बोट लवकर काढलं, तर त्याने ढिम्म पासवर्ड विचारला. दुसऱ्यांदा अंगठा इतका वेळ धरला की बधिर झाला. तिसऱ्यांदा जमलं. चौथ्यांदा जमलं. काल डोळे मिटून जमलं. एकूण सहा मिनिटं लागतात. मामा, तो आत घेतो ना, त्या क्षणाची मजा मला कुणाला सांगता येत नाही. तुला सांगायची गरजच नाही.

तारीख ठरली. रविवार ९ मार्च, दुपारी एक. प्रशासक बाई स्वतः येणार आहेत, घड्याळ बघायला असेल. त्या सहा मिनिटांत घंटा वाजणार नाहीत, म्हणून मेट्रन प्रत्येक वॉर्डात दोन-दोन नर्स उभ्या करणार आहेत.

मेट्रनबद्दल तुला सांगायलाच हवं. उंच, बारीक, घड्याळ उजव्या मनगटावर. रोज सकाळी फेरीला निघतात तेव्हा कुठलीतरी एक खाट निवडतात, स्वतः घंटा दाबतात आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहतात. टेबलावरच्या नर्सने हात वर केला की पुढे. एकही दिवस चुकत नाही. नर्स आपसात हसतात. मीही हसले होते, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझं हसू विरून गेलं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: “झाल्यावर घंटा आत्तासारख्याच वाजतील ना?” मी छाती काढून म्हटलं, “तशाच्या तशा.”

आणि तुझे कागद मी सगळे वाचून काढले. कथा-कादंबरीसारखे. कोणत्या दिवशी कोणत्या खोलीत उंदराने वायर कुरतडली तेसुद्धा आहे. शेवटची नोंद अशी: ‘मंगळवार. घंटांना स्वतंत्र लेन दिली. एक्स-रे व नोंदणी वेगळी. आठ दिवस पाहू.’ त्याखाली कोरं. तुझ्यानंतर अकरा वर्षांत कुणी एक ओळ लिहिलेली नाही. मी पेन काढलं आणि त्याखाली लिहिलं: ‘रविवार ९ मार्च. रीसेट.’ आधी लिहिलं बघ. आता हात लावायला मोकळी.

अकरा वर्षांत तो एकदाही बंद पडलेला नाही म्हणतात. वीज गेली तरी बॅटरीवर चालतो. आणि आता त्याला पहिल्यांदा झोपवून उठवणार कोण, तर तुझी,

ठकू


९ मार्च, रविवार, संध्याकाळ

चि. ठकू,

तुझं पत्र टपालवाल्याने शेजारच्यांच्या पेटीत टाकलं होतं. ते गावाला गेले होते. आज दुपारी आले आणि दिलं. बारा वाजून पन्नास मिनिटांनी मी ते फोडलं, आणि ‘आठ दिवस पाहू’ या ओळीवर आलो तसा ताडकन उठलो. मी मामीला ओरडून सांगितलं, तिला फोन लाव, म्हणावं स्विच बंद करू नकोस, पत्र येतंय. ती म्हणाली, का ते सांगा. मी म्हटलं, आधी लाव.

तू उचललास. थांबलीस. काही न विचारता थांबलीस. मामीने सांगितलं की तुझ्या मागे कुणीतरी बाई चढ्या आवाजात बोलत होती आणि तू फक्त म्हणालीस, “बरं, मामाला सांग, हात काढला.” ठकू, तेवढ्या शब्दांवर मी आज जेवलो.

आता कारण. मामीला मी अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे ती तुला फोनवर सांगू शकली नाही. तुला आधी लिहितो, मग हेच पत्र तिला वाचायला देतो.

माझी एक खोड होती. सेटिंग बदलली की मी त्याच दिवशी सेव्ह करत नसे. आठ दिवस तशीच चालवायची. काही बिघडलं तर स्विच बंद करून चालू केला की सगळं जुनं परत. आठ दिवस नीट चाललं की मग सेव्ह. या सवयीने मला वीस वर्षं तारलं. घंटांना लेन, म्हणजे स्विचमधून जाण्याची वेगळी वाट, दिली ती मंगळवारी. शुक्रवारी मी नोकरी सोडली. समजलं का तुला? ती लेन कधी सेव्ह झालीच नाही. अकरा वर्षं ती नुसती स्विचच्या डोक्यात आहे. तू वीज काढली असतीस की त्याच क्षणी गेली असती, आणि फाईलमधून जुनी व्यवस्था परत आली असती. सेटिंग आत जपलेली असतात असं मी तुला छातीठोक लिहिलं, आनंदाच्या भरात, आणि माझीच खोड विसरलो. तुला तर काहीच कळलं नसतं. रविवारी गर्दी नसते, घंटा ठणठणीत वाजल्या असत्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. सोमवारी सकाळी एक्स-रेचे भले मोठे फोटो सुटले असते आणि घंटेचा निरोप त्यांच्या पायाखाली चेंगरला असता.

मला हे ठाऊक आहे कारण ते एकदा झालं होतं. बावीस नंबरच्या खाटेवरच्या आजींनी सकाळी नऊ चाळीसला घंटा दाबली. ती टेबलावर वाजली तीन मिनिटांनी. तोवर वाट पाहून आजी स्वतःच उतरायला गेल्या आणि पडल्या. खुबा मोडला. ड्यूटीवर एक नवी नर्स होती. उंच, बारीक, घड्याळ उजव्या मनगटावर. त्या वेळच्या साहेबांनी ठरवून टाकलं की तिला डुलकी लागली होती, आणि तिच्या फाईलीत तसा शेरा मारला. मी तपासलं तेव्हा दोष जोडणीत सापडला, म्हणजे माझ्या कामात. मी घंटा वेगळ्या केल्या. त्यामुळे एक्स-रे थोडे सावकाश पोचू लागले. साहेब म्हणाले, लेन काढून टाक आणि याबद्दल कुठे लिहू नकोस. मी म्हटलं, काढणार नाही. ते म्हणाले, मग दुसरा माणूस काढेल. तेव्हा मी खाली गेलो, पासवर्ड बदलला आणि घरी आलो.

तर लोक म्हणतात ते खरं आहे. कुलूप मीच घातलं. गंमत म्हणजे तेही सेव्ह केलेलं नव्हतं. अकरा वर्षांत कुणी धीर करून नुसतं बटण बंद-चालू केलं असतं तरी कुलूप गळून पडलं असतं, लेनसकट.

पण मी मान खाली घालतो ती कुलपासाठी नाही. त्या नर्सच्या बाजूने मी एक ओळ लिहायला हवी होती. आधी लिही, मग हात लाव, असं जगाला सांगणारा मी. एक ओळ लिहिली नाही. रागाच्या भरात घरी आलो आणि मग रोज उद्यावर ढकलत राहिलो.

पासवर्ड मला आठवतो. विसरणं जमलंच नाही. तुला सांगितला असता तर तू विचारलं असतंस की हे आकडे कसले, आणि मला ते सांगावं लागलं असतं. आता सांगून झालं: खाटेचा नंबर आणि ती वेळ, सलग. वीज न काढता निळ्या वायरीने लॅपटॉप जोड आणि आत जा. सगळ्यात आधी सेव्ह. दुसरं काहीही त्यानंतर.

हे पत्र तू कुणाला दाखवावंस की नाही, ते तू ठरव. पासवर्ड तू स्वतः शोधलास असं सांगितलंस तरी माझी हरकत नाही. नोकरी तुझी आहे.

तुझा,
मामा


१४ मार्च, शुक्रवार

ती. मामा,

झालं. झालं, झालं, झालं. आता क्रमाने लिहिते, पण घाईत आहे तेव्हा अक्षराला हसू नकोस.

रविवारी मामीचा फोन आला तेव्हा माझा एक हात प्लगवर होता. प्रशासक बाई म्हणाल्या, “कारण काय?” मी म्हटलं, “ते पत्राने येतंय.” तेव्हाची त्यांची मुद्रा मी जन्मात विसरणार नाही. मेट्रननी वॉर्डावॉर्डांत उभ्या केलेल्या नर्स परत पाठवल्या. बाई म्हणाल्या, “शुक्रवार. त्यापुढे नाही.” तीन दिवस मी काय म्हणून थांबले हे मलाच माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की तू उगाच थांबवणार नाहीस.

पत्र बुधवारी आलं. मी ते जिन्याखाली बसून वाचलं. मग तुझ्यावर खूप चिडले. मग पुन्हा वाचलं. मामा, पासवर्ड मीच शोधला असं सांगायचा मोह झाला मला, अगदी जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत. पाचव्या पायरीवर मेट्रन भेटल्या. मी पत्र त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, “हा माझा मामा.”

त्यांनी खिडकीपाशी जाऊन वाचलं. खूप वेळ लागला. घडी घातली, परत दिलं आणि म्हणाल्या, “अकरा वर्षं मला वाटत होतं, लागलीही असेल डुलकी. सगळे म्हणत होते. हळूहळू मलाही तसंच आठवायला लागलं.” मग म्हणाल्या, “तीन मिनिटं म्हणतो का तो?” मी म्हटलं, हो. “तीन,” त्या म्हणाल्या, आणि तोंड फिरवून फेरीला निघून गेल्या. मामा, मी रडले. त्या नाही रडल्या.

मग आम्ही दोघी प्रशासक बाईंकडे गेलो. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि पहिला प्रश्न मला विचारला: “भाची आहेस हे आधी का नाही बोललीस?” मी म्हटलं, “नोकरी माझ्या कामावर टिकावी म्हणून.” त्या म्हणाल्या, “मग काम दाखव.”

तर आज सकाळी. रविवार नाही, शुक्रवार, साडेनऊ, नोंदणीच्या खिडकीवर रांग दारापर्यंत, एक्स-रे जोरात. तुझ्या खोलीत आम्ही तिघी, दार बंद केल्याशिवाय तिसरी मावतच नव्हती. निळी वायर लावली. त्याने पासवर्ड विचारला. मी आकडे टाइप केले. आणि त्याने घेतलं, मामा. निमूट. मी आधी विचारलं, किती दिवस चालू आहेस? तर म्हणाला, अकरा वर्षं, दोन महिने, सहा दिवस. तुझी लेन दिसली, अगदी तू ठेवली होतीस तशी. मी ती आधी कागदावर छापून घेतली, लॅपटॉपवर उतरवली आणि मग सेव्ह केलं. एक ओळ उमटली: ठीक आहे. एवढंच. अकरा वर्षं राहिलेलं काम, आणि तो म्हणतो ठीक आहे.

मग नव्या वॉर्डाच्या बारा घंटा तुझ्या लेनमध्ये घातल्या. तेही सेव्ह. तुझी आठ दिवसांची खोड मी पाळणार आहे, पण जुन्याची प्रत बाजूला ठेवून आणि नवं जपून ठेवून. तू रागावशील, माहितेय.

मला वाटलं संपलं. तेवढ्यात प्रशासक बाई म्हणतात, “म्हणजे आता बंद करून चालू केला तरी सगळं राहील?” मी म्हटलं, राहील. “मग कर.” मेट्रननी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आधी नर्स उभ्या करा. दहा मिनिटांनी वॉर्डांतून निरोप आला, सगळ्या जागेवर. मी प्लग ओढला.

दिवे गेले. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. पंखा थांबला आणि खोलीत इतकी शांतता पसरली की मेट्रनच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू येत होतं. मी प्लग लावला. एक मिनिट काहीच नाही. दोन. मग एक दिवा, मग दोन, मग सगळे भराभर. मेट्रन दार उघडून जिन्याने वर पळाल्या. हो, पळाल्या. सगळ्या रुग्णालयाने पाहिलं. बावीस नंबरच्या खाटेची घंटा दाबली. टेबलावरच्या नर्सचा हात लगेच वर.

प्रशासक बाई म्हणाल्या, “आठ दिवस घंटा अशाच वाजू देत, मग सहा महिने न थांबता तुझ्या कायमच्या कागदावर सही करते.” आठ दिवसच म्हणाल्या. मी हसले तर विचारतात, काय झालं?

दोन कामं आहेत तुला. एक: मेट्रनच्या फाईलीत ठेवायला तुझ्या सहीचा कागद हवा. प्रशासक बाईंनी मागितलाय. दोन: २५ तारखेला मामीला घेऊन ये. हे मी विचारत नाहीये.

तुझी,
ठकू


२८ मार्च

चि. ठकूस, आता कायम झालेल्या ठकूस,

घरी पोचलो. मामीने तुझा तो कायम झाल्याचा कागद वाचून घेतला आणि शेजारच्यांनाही वाचून दाखवला, त्यांच्याच पेटीने घोळ घातला होता म्हणून. तुझ्या आईने मला फोनवर झापलं असं मामी सांगते. मला नुसतं गुंगुं ऐकू आलं.

नवा वॉर्ड छान झालाय. पण मी ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते वेगळंच. तू पाहुण्यांत अडकली होतीस तेव्हा मेट्रन माझ्याजवळ आल्या. मी कागद पुढे केला. चार ओळीच लिहू शकलो होतो: घंटा तीन मिनिटं उशिरा वाजली, दोष नर्सचा नव्हता, दोष माझ्या कामात होता, हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. त्यांनी तो तिथेच उभ्या उभ्या वाचला. त्या काहीतरी बोलल्या. मी कानाला हात लावून मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. तेव्हा त्यांनी माझी बाही धरली आणि मला जुन्या वॉर्डात नेलं.

बावीस नंबरची खाट रिकामी होती. चादर नुकतीच घातलेली. मला म्हणाल्या, बसा, हे हातवाऱ्यांनी कळलं. घंटेचं बटण माझ्या हातात दिलं आणि स्वतः वॉर्डाच्या त्या टोकाला, टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या, घड्याळ समोर धरून. मी दाबली. ठकू, मी आयुष्यभर त्या घंटांच्या वायरी ओढल्या आणि मला ती ऐकू आली नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी घड्याळावरून नजर उचलली आणि एक बोट वर केलं.

एक सेकंद.

मी पुन्हा दाबली. पुन्हा एक बोट. तिसऱ्यांदा दाबली तेव्हा त्या हसल्या आणि नर्सने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मिठाईच्या डब्याशी सापडलेल्या म्हाताऱ्याकडे बघतात. मी तिथे बराच वेळ बसलो. कुणी मला उठवलं नाही.

आणि तुझा कागद पाहिला, कपाटाच्या दारावरचा. माझ्या ‘आठ दिवस पाहू’ खाली तू रीसेटची ओळ खोडून लिहिलंस: ‘सेव्ह केलं. पाहिलं. वाजतात.’ अक्षर माझ्याहून वाईट आहे, पण चुकीचं काही नाही.

तुझा,
मामा

ता. क. (मामीकडून) ठकू, हे पत्र पाकिटात घालून ह्यांनी घड्याळाच्या मागे ठेवून दिलं होतं. विचारलं तर म्हणतात, जरा आठ दिवस राहू दे, पुन्हा वाचून मग टाकू. मी आत्ता भाजीला निघालेय, वाटेत पेटीत टाकते.